द्राक्षे कोणाची, नफा कोणाचा?

तुर्कस्तानातून परतलेल्या एका स्नेह्याने आणलेली पांढरी वाइन मी परवा चाखली आणि तिची मनमोकळी तारीफ केली. समोर बसलेल्या तरुण कार्यकर्त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सर, हे भांडवलदारांचे चोचले आहेत," असे तो म्हणाला. त्याची निष्ठा मला मान्य आहे. त्याचे अर्थशास्त्र मान्य नाही.

त्या बाटलीत तीन देशी द्राक्षांचे मिश्रण होते. कापादोक्याच्या ज्वालामुखीजन्य जमिनीत, हजार मीटरहून अधिक उंचीवर पिकणारा 'एमीर' तिला तरतरीत आंबटपणा देतो; तोकातच्या नदीखोऱ्यातला 'नारिंजे' भरीवपणा देतो. या नारिंजेची कोवळी पाने शेतकरी खारवून विकतात आणि घरोघरी त्यांत भात भरून 'सार्मा' करतात. तिसरे 'सुलतानिये', म्हणजे आपल्या नाशिक-सांगलीच्या मळ्यांतले थॉमसन सीडलेसच! हिरव्या सफरचंदाची आठवण करून देणारा हा स्वाद कोणा सरदाराच्या हवेलीत जन्मलेला नाही. तो मळेकऱ्याच्या आणि कामगाराच्या श्रमांतून आला आहे. श्रमांचे उत्तम फळ श्रमिकाने चाखू नये, हा कोणता समाजवाद?

दारूने गरिबांचे संसार धुळीला मिळतात, हे मी नाकारीत नाही. व्यसनाविरुद्धच्या लढ्यातून आपण तसूभरही मागे हटता कामा नये. परंतु व्यसनाचा विरोध म्हणजे आनंदाचा द्वेष नव्हे. या द्वेषापायी आपण मालकीचा मूळ प्रश्न विसरतो, ही माझी तक्रार आहे.

तुर्कस्तानचा इतिहास पाहा. १८८१ साली युरोपीय सावकारांनी ऑटोमन कर्जाच्या वसुलीसाठी मीठ आणि मद्य यांवरील महसूल आपल्या ताब्यात घेतला. पुढे प्रजासत्ताकाने मद्य व तंबाखू या व्यवसायांची सरकारी मक्तेदारी उभारली, तीच 'तेकेल'. २००४ साली तिचा मद्यविभाग २९ कोटी २० लाख डॉलरना विकण्यात आला. २००६ साली तो सुमारे ८१ कोटी डॉलरना एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेला आणि २०११ साली 'डियाजिओ' या ब्रिटिश कंपनीने त्यासाठी सुमारे २१० कोटी मोजले. सात वर्षांत सातपट! यात नव्या मालकांचे कर्तृत्व काही असेलही. परंतु जनतेची मालमत्ता जनतेच्या हातून गेल्यावर वाढलेल्या मोलात जनतेचा वाटा उरला नाही, हे निर्विवाद आहे. २००८ साली सिगारेट विभागही विकला गेला. त्यानंतर नोकरीची शाश्वती गमावलेले तेकेलचे कामगार २००९-१० च्या कडक हिवाळ्यात अंकाराच्या रस्त्यांवर ७८ दिवस ठाण मांडून बसले होते.

ज्या पक्षाच्या सरकारने ही विक्री केली, त्याच पक्षाच्या सरकारने २०१३ साली मद्याच्या जाहिरातींवर आणि दुकानांतून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील विक्रीवर बंदी घातली. बाटलीवर नीतीचा पहारा बसला. नफ्याची वाट मात्र मोकळीच राहिली!

माझ्या तरुण मित्राने यातून बोध घ्यावा. पेल्यात काय आहे, एवढेच विचारणारे सोवळेपण सत्ताधाऱ्यांना फार सोयीचे असते. द्राक्षांचा भाव कोण ठरवतो, कारखाना कोणाचा, कामगाराला पेन्शन मिळते की नाही, हे प्रश्न त्यांना गैरसोयीचे वाटतात. आपण तेच विचारले पाहिजेत. मग पेला हाती घ्यावा की न घ्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.