आधी नाव विचारा, मग विळा चालवा

पत्र्यावर चढवलेला भोपळ्याचा वेल फुलांनी भरतो आणि इवलीशी फळे मात्र पिवळी पडून गळतात. 'दृष्ट लागली' असे काही घरांत अजूनही म्हणतात. दृष्ट वगैरे काही नसते. भोपळ्याची नर फुले वेगळी, मादी फुले वेगळी. सकाळच्या वेळी मधमाशीने एकाचा पराग दुसऱ्यावर नेला नाही, तर फळ धरत नाही. बहुतेक वेळा कारण एवढेच असते.

माशी यायची तर तिला आसपास वर्षभर फुले हवीत. ती कोणत्या झाडांची, हे शोधायला आज घरातला मोबाइल पुरतो. 'गूगल लेन्स'ला फोटो दाखवला की झाडाचे नाव समोर येते. २००८ साली सुरू झालेल्या 'आयनॅचरलिस्ट'वर फोटो टाकला, तर जाणकार माणसे तो तपासतात आणि चुकले असेल तर दुरुस्तही करतात.

पण नुसत्या फुलाचा एक फोटो घेऊन भागत नाही. चार फोटो घ्यावेत: पूर्ण झाडाचा, पानाच्या दोन्ही बाजूंचा, फुलाचा जवळून आणि खोडावर पाने कशी लागली आहेत त्याचा. यंत्राने सांगितलेले नाव इतर फोटोंशी ताडून पाहावे. आम्ही कचेरीत पावती पडताळल्याशिवाय रक्कम खात्यावर चढवत नाही. इथेही तोच नियम.

हे का सांगतो? आपल्या वसाहतींत स्वच्छता मोहिमेच्या दिवशी पांढऱ्या फुलाचे दिसेल ते 'गाजरगवत' म्हणून उपटले जाते. गाजरगवत काढलेच पाहिजे. १९५५ साली पुण्यात आढळलेल्या या गवताने कातडीला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून काढावे. पण त्याच्या शेजारी एकदांडी उभी असते. गाजरगवताची पाने गाजरासारखी चिरलेली आणि फुले बारीक, झुपक्याने येणारी. एकदांडीची पाने जाड, खरखरीत, कडेला दातेरी. लांब दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळे. तिच्यावर फुलपाखरे आणि लहान माश्या दिवसभर असतात. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर शाळकरी मूलही फरक ओळखते.

आणखी एक गोष्ट. फोटो नाव सांगतो, झाडाचा गुण सांगत नाही. भरगच्च पाकळ्यांचे शोभेचे फूल चित्रात देखणे दिसते, पण त्यात माशीला पराग आणि मध मिळणे कठीण. म्हणून सकाळी दहा मिनिटे झाडापाशी उभे राहावे, कोण येते ते मुलांनी वहीत लिहावे. तुळस, सब्जा, शेवगा यांवर माश्यांची वर्दळ दिसेल. तेलाच्या रिकाम्या डब्यातही तुळस आणि सब्जा येतात.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर अळी दिसली तर लगेच औषध मारू नये. तिचाही फोटो घ्यावा. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या ब्लू मॉरमॉनची अळी लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढते.

तेव्हा पुढच्या स्वच्छता मोहिमेला विळ्यासोबत एक मोबाइल आणि एक वही घेऊन उतरावे. ज्याचे नाव कळले नाही, ते त्या दिवशी उपटू नये.