गुणाला दाम, पण गुण मोजायचा कसा?



'ज्याचा ऊस गोड, त्याला दर जादा' अशी मागणी अधूनमधून कानावर येते. ती रास्तच वाटते. आपल्याकडे वजनकाट्यावर टन मोजले जातात आणि एफआरपी ठरते ती सबंध कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. म्हणजे १२ टक्के उताऱ्याचा ऊस आणि ९ टक्क्यांचा ऊस एकाच दराने गव्हाणीत पडतो. राबणाऱ्याला हे खुपणारच.

पण सगळी गोडी शेतकऱ्याच्या हातची असते काय? बेणे, लागण, खताचा डोस त्याच्या हाती. तोड कुठे त्याच्या हाती आहे? नोव्हेंबरात उतारा कमी, जानेवारी-फेब्रुवारीत चढता, एप्रिलच्या उन्हात पुन्हा घसरता. चिठ्ठी काढते शेती खाते. टोळी वेळेवर आली नाही, किंवा तुटलेला ऊस दोन दिवस वाटेतच वाळला, तर साखर घटणार. तो अवगुण सभासदाच्या नावावर मांडायचा? खारवट रानवाल्याने फुले २६५ लावला, कारण तिथे तोच बरा तगतो. तो उशिरा पिकतो आणि तोड मात्र लवकर आली, तर ह्याची मेहनत कमी म्हणायची?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये प्रत्येकाच्या उसातील साखर तपासून पैसे देतात. हंगामाचा पेच तिथेही होताच. म्हणून तिथल्या अनेक कारखान्यांनी तोड काढली: ज्या काळात ऊस गाळला, त्या काळाच्या सरासरीशीच त्याची तुलना करायची. पाळी लवकर आली म्हणून कोणी बुडत नाही. तरीही जमिनीचा कस आणि पाण्याची सोय यांतला फरक उरतोच.

आमचे मत असे की गुण मोजावा, पण काटा निःपक्षपाती आहे एवढ्यावर समाधान मानू नये. काट्यावर काय ठेवायचे, ते माणसेच ठरवतात. नोकरांची बढती असो की पोरांची गुणवत्ता यादी, हाच न्याय लागू आहे. पूर्ण निर्दोष माप कोणाला सापडलेले नाही. म्हणून नियम हंगामाआधी जाहीर व्हावा, नमुना सभासदासमोर घ्यावा, तक्रारीला दाद मिळावी. आणि नियम ठरवायला बसाल तेव्हा बड्या बागाईतदाराशेजारी चारीच्या शेवटचा अर्ध्या एकराचा धनीही बसलेला असावा. पाणी कुठवर पोचते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?