रिडक्स कधी टाकावं?

रिअ‍ॅक्टचा नवा प्रोजेक्ट उभा राहिला की पहिल्याच दिवशी रिडक्स टाकून मोकळं व्हायचं, ही रीत अजून गेलेली नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'पुढे लागणारच आहे.' आमचं म्हणणं, लागेल तेव्हा टाका. इन्स्टॉलची कमांड कुठे पळून जात नाही. पहिल्या दिवशी टाकलेलं स्टोअर मात्र रिकामं राहत नाही; समोर आहे म्हणून जो तो त्यात काहीबाही ठेवू लागतो.

फेसबुकने 2014 मध्ये फ्लक्सची मांडणी जाहीर केली, ती एका खऱ्या डोकेदुखीपायी. चॅटमधल्या न वाचलेल्या मेसेजचा आकडा वाचून झाल्यावरही दिसत राही; दुरुस्त केला की काही दिवसांनी पुन्हा उगवे. एकच माहिती पानावरच्या अनेक भागांना लागत होती आणि ती कोण, कुठून बदलतो याचा पत्ता लागत नव्हता. म्हणून माहिती एकाच दिशेने वाहील, हा नियम आला. त्याच वाटेने 2015 मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स लिहिलं. पुढच्याच वर्षी खुद्द अब्रामोव्ह यांनी लेख लिहून सांगितलं, की तुम्हाला रिडक्सची गरज नसेलही. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मुलाखतीत प्रश्न रिडक्सवरच येतात ना!

तुमच्या अ‍ॅपचं दुखणं तेच आहे का? चालू प्रोजेक्टचं स्टोअर उघडून पाहा. बराचसा माल सर्व्हरवरून आणलेल्या याद्यांचा असेल, सोबत 'लोडिंग' आणि 'एरर'चे झेंडे. ती सर्व्हरकडच्या माहितीची नक्कल आहे. ती शिळी कधी होते, पुन्हा कधी आणायची, हे प्रश्न कॅशचे आहेत आणि त्यासाठी टॅनस्टॅक क्वेरी किंवा आरटीके क्वेरी आहे. फिल्टर आणि पान क्रमांक यूआरएलमध्ये ठेवा, म्हणजे सहकाऱ्याला पाठवलेली लिंक त्याच जागी उघडेल. अर्धवट भरलेला फॉर्म त्याच्या कंपोनंटमध्येच बरा. थीम आणि भाषा क्वचितच बदलतात, त्यांना काँटेक्स्ट पुरतो. सतत बदलणारी गोष्ट तिथे ठेवली, तर तो काँटेक्स्ट वाचणारे सगळे कंपोनंट दर वेळी पुन्हा रेंडर होतात, एवढं भान असावं.

एवढं वेगळं काढूनही स्टोअरमध्ये भरपूर उरलं, उदाहरणार्थ अनडू-रीडू लागणारा चित्रांचा एडिटर, तर रिडक्स खुशाल टाका. कोणत्या अ‍ॅक्शनने काय बदललं याची डेव्हटूल्समध्ये दिसणारी नोंद अशा अ‍ॅपमध्ये सोन्यासारखी असते.

पण टाकताना जुन्या ट्युटोरियलवर जाऊ नका. त्यात सांगितलेलं 'क्रिएटस्टोअर' 2022 मधल्या 4.2 आवृत्तीपासून कालबाह्य ठरवलं आहे; ते चालतं, पण एडिटर त्यावर काट मारून दाखवतो. आज दोनच पॅकेजेस लागतात: रिडक्स टूलकिट आणि रिअ‍ॅक्ट-रिडक्स. मूळ रिडक्स, थंक आणि इमर टूलकिटसोबतच येतात.

खरी ठेच जुन्या प्रोजेक्टमध्ये लागते. रिअ‍ॅक्ट-रिडक्सच्या 9 व्या आवृत्तीला किमान रिअ‍ॅक्ट 18 हवं. प्रोजेक्ट 17 वर असेल, तर एनपीएम 7 पासून इन्स्टॉल तिथेच अडतं आणि टर्मिनल लाल होतं. मग कुणीतरी 'लेगसी पीअर डेप्स'चा फ्लॅग लावतो, इन्स्टॉल हिरवं होतं, आणि अ‍ॅप मोडतं. कारण ही आवृत्ती 'यूज सिंक एक्स्टर्नल स्टोअर' हा हुक थेट रिअ‍ॅक्टकडून मागते आणि 17 मध्ये तो नाहीच. एक तर रिअ‍ॅक्ट वर न्या, नाही तर रिअ‍ॅक्ट-रिडक्स 8 वर थांबा. लॉकफाइल कमिट करा आणि बिल्ड सर्व्हरवर 'एनपीएम सीआय' चालवा, म्हणजे सगळीकडे त्याच आवृत्त्या बसतील.

रिडक्सऐवजी दुसरं काही निवडताना पॅकेजमागच्या कंपनीचं नाव पाहून मात्र भुलू नका. रिकॉइल हे स्टेट सांभाळणारं पॅकेज 2020 मध्ये फेसबुकनेच आणलं होतं. 2025 उजाडताना त्याची रिपॉझिटरी अर्काइव्ह झाली. ज्यांच्या कोडमध्ये त्याचे अ‍ॅटम (स्टेटचे तुकडे) ठिकठिकाणी थेट आयात केलेले आहेत, त्यांना आता फाइलमागून फाइल बदलत जोताईसारख्या दुसऱ्या पॅकेजकडे जावं लागतं आहे. ज्यांनी ते आपल्या दोन-चार हुक्सच्या आड ठेवलं होतं, त्यांना तेवढेच हुक्स बदलायचे आहेत.