दंतवैद्याची सुई कोणाच्या बोटात?

लोणारच्या सरोवराची कीर्ती आता देशोदेशी गेली आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा शास्त्रज्ञ धावून आले, नमुने तपासले गेले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हे सरोवर रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाले. पाण्याच्या रंगाची एवढी चिंता वाहिली गेली याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु त्याच लोणारात, आणि लोणारसारख्या प्रत्येक तालुक्याच्या गावी, पहाटे कचऱ्याच्या ढिगात हात घालणाऱ्या माणसाच्या बोटाची चिंता कोणी वाहावयाची, असा आमचा सवाल आहे.

येथे आम्ही मुद्दाम दंतवैद्यांविषयी बोलतो. मोठ्या इस्पितळावर दहा जणांची नजर असते. एका खोलीच्या, एका खुर्चीच्या दवाखान्याकडे कोणी पाहत नाही. दात उपटला, तोंडात कापूस धरून रोगी घरी गेला, की त्याच्या लेखी प्रकरण संपले. मागे काय उरते? हिरडी बधिर करणारी सुई, रक्ताने भिजलेला कापूस, उपटलेला दात, हातमोजे, लाळ ओढणारी नळी, औषधाची काचेची कुपी, आणि दाताची नस साफ करण्याच्या केसासारख्या बारीक अणकुचीदार सळया. हे सारे एका पिशवीत कोंबून नाक्यावरच्या कचराकुंडीत टाकले, की पिशवी उचलणाऱ्याला आत काय आहे याची वार्ताही नसते. वाळलेल्या रक्तात हेपॅटायटीस बी या यकृतरोगाचा विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला अशी दूषित सुई टोचली, तर शंभरात सहापासून तीसपर्यंत लोकांना लागण होण्याचा संभव असतो.

कायदा याबाबत मुका नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी कचरा जेथे निर्माण होतो तेथेच वेगळा करण्याचे बंधन घातले आहे. रक्ताळलेला कापूस व मानवी अवयव पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्या लाल पिशवीत, सुया व पाती न भोसकता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खुणेच्या पेटीत. मग ते सामायिक प्रक्रिया केंद्राच्या स्वाधीन करावयाचे. नगरपरिषदेच्या कचऱ्यात मिसळावयाचे नाही. पाऱ्याची तर निराळीच गोष्ट. ‘चांदी’ म्हणून दातात जे भरतात त्यात निम्मा पारा असतो. असा दात जाळला तर पाऱ्याची वाफ हवेत जाते. म्हणून त्याचे तुकडे घट्ट झाकणाच्या बाटलीत निराळे ठेवावे लागतात. लोणारच्या सरोवराला तर पाणी बाहेर जाण्यास वाटच नाही; जे आत गेले ते आतच राहिले.

“आमचा दवाखाना तो केवढा! दिवसाकाठी चार रोगी,” असे उत्तर मिळते. १९९८ च्या नियमांत, महिन्याला हजारांपेक्षा कमी रोगी तपासणाऱ्या दवाखान्यास मंडळाची परवानगी घेण्यातून सूट होती. २०१६ साली ती सूट गेली. आणि सूट होती तेव्हा तरी काय? सुई बोटात शिरताना दवाखान्याचा आकार विचारते काय?

आता या कायद्यातील खोच पाहा. कचरा हाताळणाऱ्यास हेपॅटायटीस बी व धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी दवाखान्यावर आहे. पण ती त्याच्याच माणसांपुरती. रस्त्यावरचा सफाई कामगार कागदावर हा कचरा हाताळतच नाही, कारण कागदावर हा कचरा रस्त्यावर येतच नाही! अशा रीतीने ज्याचे बोट सर्वांत उघडे, तोच लसीच्या यादीबाहेर.

तो कोण, हे सांगावयास नको. त्याला फुलांचा हार घालून ‘स्वच्छतादूत’ म्हणणाऱ्यांची वर्षातून एकदा गर्दी होते. भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरविणाऱ्यांचा बाबासाहेबांनी आयुष्यभर कडक समाचार घेतला. हार नको, जाड हातमोजे द्या. हे मागणे आजही तितकेच रास्त आहे.

परंतु दोष केवळ दुसऱ्यांच्या पदरी टाकून आपली सुटका नाही. बंधुभगिनींनो, दीक्षा घेऊन आपण गावकीची घाणेरडी कामे झुगारली. आपली मुले-मुली आज दंतवैद्य होऊन पाट्या लावीत आहेत. ज्या आजोबांनी मेलेली गुरे ओढली, त्यांच्या नातवाने आपली सुई दुसऱ्या कोणाच्या आजोबांच्या हातात ढकलावी, ही सम्यक आजीविका नव्हे. आणि घरी मधुमेहाची इन्सुलिनची सुई भाजीच्या देठांबरोबर टाकणारे आपणही त्याच पंक्तीत आहोत. ती जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण लावून, वेगळी द्यावी.

लोणारच्या कोणा एका वैद्यावर आमचा आरोप नाही. पुढच्या वेळी दात दाखवावयास जाल तेव्हा खुर्चीवर बसण्यापूर्वी नम्रपणे विचारा: पांढरा डबा कोठे आहे? कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी येते? झाडलोट करणाऱ्या बाईंना लस दिली आहे काय? समाधान झाले नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व नगरपरिषदेकडे लेखी अर्ज करा आणि अर्जाची पोच मागून घ्या.