शेळीची पापणी उलटून बघा

जुहू म्हटलं की डोळ्यांपुढे भेळ आणि नटनट्यांचे बंगले येतात. पण 1944 च्या मे महिन्यात, आगाखान पॅलेसच्या कैदेतून सुटल्यावर, गांधीजी प्रकृती सावरायला जुहूच्या समुद्रकाठी येऊन राहिले होते. मलेरियानं खंगलेले होतेच. तपासणीत पोटात अंकुशकृमीही सापडले. माणूस केवढाही मोठा असो, जंत कुणाला सोडत नाहीत! मग ज्या शेळीचं दूध ते वर्षानुवर्षं पीत, तिची काय कथा? ती तर जमिनीवरचंच खाते.

शेळीच्या पोटातला सगळ्यात वाईट जंत रक्त पितो. ‘हिमाँकस’ हे त्याचं शास्त्रीय नाव. मादी दिवसाला हजारो अंडी घालते, ती लेंड्यांवाटे बाहेर पडतात, पावसाळी ओलीत त्यातून अळ्या निघतात आणि गवताच्या पात्यावर चढून बसतात. खरं तर शेळीची आवड झुडपांची. मान वर करून बोर, बाभूळ ओरबाडायची. पण गायरानं आक्रसली, माळावर प्लॉट पडले, झुडपं तुटली. आता बांधाकडेचं बोटभर गवत कुरतडण्यावाचून तिला गत्यंतर नाही, आणि अळ्या जास्त असतात त्या नेमक्या खालच्या चार बोटांत. म्हणजे हा नुसता आजार नाही, जागेचाही प्रश्न आहे.

औषधं आहेत. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, आयव्हरमेक्टिन. पण सगळ्या कळपाला, वजन न करता, अंदाजपंचे, पुन्हा पुन्हा तेच पाजलं की कमजोर जंत मरतात आणि चिवट उरतात. पुढची पिलावळ त्यांचीच. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेतले मेंढपाळ या फेऱ्यात कधीच सापडले. भारतातल्या शेळ्यामेंढ्यांतही औषधाला न जुमानणारे जंत आढळले आहेत. मरते ती बाईची शेळी. मुलांची फी, अडीनडीचा दवाखाना तिच्याच जिवावर असतो.

म्हणून झाडपाल्याची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. पुण्यात आणि हैदराबादेत काम करणारी ‘अँथ्रा’ ही पशुवैद्यक बायकांनी उभारलेली संस्था. डॉ. नित्या घोटगे, डॉ. सागरी रामदास यांनी गावोगावच्या पशुपालकांकडची, त्यातही बायकांकडची औषधी माहिती नोंदवून घेतली. जंतांवर पळसाच्या बिया, वावडिंग, कडुनिंब ही आपल्याकडची जुनी नावं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही आता गाईम्हशींसाठी असे उपाय सांगतं. त्यातली जंतांवरची यादी वाचून मला हसूच आलं. जिरं, मोहरी, मिरी, हळद, लसूण, कारलं, गूळ... निम्मं तर आपल्या मिसळणाच्या डब्यातलं!

पण मैत्रिणींनो, ‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?’ हे मला पटत नाही. गोचिडांसाठी अंगाला लावायच्या औषधात घाणेरीचा पाला असतो. तोच जनावरानं खाल्ला तर यकृत खराब होतं. उवा-गोचिडांवर सीताफळाच्या बियांची पूड लावतात, ती डोळ्यात गेली तर डोळाच दुखावतो. शिवाय एकाच झाडाचा गुण ऋतूप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे बदलतो. मलेरियावरच्या औषधासाठी 2015 साली नोबेल मिळालेल्या चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथातलीच वनस्पती घेतली होती. पण उष्णतेनं तिचा गुण जातो हे त्यांनी ताडलं, कमी तापमानात अर्क काढला, मग तो तपासला. आपल्या पळसबियांच्या वाट्याला एवढे कष्ट कितीसे आले?

बाभळीच्या पाल्यातलं तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, जंतांना थोडं रोखतं असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा झुडपं राखणं हाही उपायच. मात्र मान टाकलेल्या शेळीला पाल्यावर ठेवून वाट बघत बसू नये.

मला सर्वांत आवडला तो दक्षिण आफ्रिकेतला उपाय. तिथं ‘फमाचा’ नावाचं एक रंगांचं कार्ड निघालं. शेळीची खालची पापणी हलकेच उलटायची आणि आतला रंग कार्डाशी ताडून बघायचा. लाल-गुलाबी असेल तर या जंतासाठी औषध नको. पांढुरकी असेल तर रक्त कमी झालंय, तिलाच औषध द्यायचं. जबड्याखाली सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सगळ्या कळपाला डोस न दिल्यानं पैसा वाचतो, आणि औषधाला दबणारे जंतही थोडे शिल्लक राहतात, त्यामुळे चिवटांचं राज्य होत नाही. औषध दिलं, की दहा-चौदा दिवसांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्या तपासून घ्यायच्या. अंडी घटली का, ते कळतं. पळसबी दिली असेल तरी हीच परीक्षा. गाभण शेळीला मात्र कुठलंच औषध, झाडपाल्याचंसुद्धा, विचारल्याशिवाय नको.

‘उमेद’ अभियानातून गावोगावी पशुसखी तयार झाल्या आहेत. शेळ्यांमागे रोज असते ती बाई, पण जनावरांच्या शिबिराला बोलावणं येतं बहुधा तिच्या नवऱ्याला. तेव्हा औषधाच्या बाटलीबरोबर हे रंगांचं कार्डही पशुसखीच्या पिशवीत द्यायला हवं. छापायला असा कितीसा खर्च येईल?