पत्रकाचा निवाडा आणि मतदाराचा विवेक

हेमलकसा ज्या भामरागड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कसनासूरच्या तीन ग्रामस्थांना माओवाद्यांनी जानेवारी २०१९ मध्ये ‘पोलिसांचे खबरी’ ठरवून ठार केले. आरोप त्यांचा, साक्ष त्यांची आणि निवाडाही त्यांचाच! निवडणुकीला ढोंग म्हणणाऱ्यांचा न्याय हा असा. त्यांचे शहरी पाठीराखे अशा वेळी मौनव्रत धारण करतात.

तरीही ११ एप्रिल २०१९ रोजी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. बहिष्काराच्या पत्रकांना मतदारांनी दिलेले हे उत्तर होते. हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या शाळेत माडिया मुले लिहू-वाचू लागली. समोर आलेले पत्रक स्वतः वाचता येणे, ही पडताळणीची पहिली पायरी होय.

मग सुशिक्षित मध्यमवर्गाचे काय? भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर न वाचताच पुढे धाडणारे हात आपल्याही घरांत आहेत. संदेश आपल्या बाजूचा आहे, एवढ्याने तो सत्य ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालामुळे उमेदवाराला गुन्हे व मालमत्ता यांचे शपथपत्र द्यावेच लागते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येते. किती जण वाचतात? केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांचा हिशेब नमुना १७-क मध्ये मतदान प्रतिनिधीला मिळतो. तो न पाहता उठवलेली ओरड ही अफवाच.

पुराव्यावाचून दोषी ठरवण्याची रीत माओवाद्यांची आहे. तिचा धिक्कार करणाऱ्यांनी तीच रीत आपल्या घरात पाळू नये.