जपानी मुलींचा फुटबॉल आणि आश्रयदाते

जपानातील स्त्रियांच्या फुटबॉलचा विषय एका संगीतशिक्षकाने का काढावा, असे पुष्कळांस वाटेल. पण मैदान आणि मैफल ह्यांच्यापुढे एक प्रश्न सारखाच उभा असतो : कलावंताचे घर कोणी चालवायचे?

१२ सप्टेंबर २०२१ रोजी तेथे 'वी लीग' सुरू झाली. स्त्रियांची पूर्णपणे धंदेवाईक अशी जपानातील ही पहिलीच लीग. जुनी लीग १९८९ पासून होती, परंतु तीतील बहुतेक मुली दिवसा नोकरी करीत आणि सायंकाळी सरावास येत. नव्या लीगने नियमच घातला की, प्रत्येक संघाने निदान १५ खेळाडूंशी धंदेवाईक करार करावा आणि त्यांचा वार्षिक पगार २७ लाख येनांखाली नसावा. पहिल्या हंगामात संघ अकरा, त्यामुळे दर फेरीस एक संघ मोकळा राही. त्याने त्या दिवशी समाजोपयोगी काम करावे, अशी योजना होती. मोकळ्या दिवशी आपल्याकडचे गवई काय करीत, हे जुन्या घरांतून ठाऊक आहेच!

त्या हंगामाचे अजिंक्यपद कोबेच्या संघाने मिळविले. १४ मे २०२२ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर कोबे आणि उरावा ह्यांचा सामना झाला, त्यास बारा हजारांवर प्रेक्षक होते. एरवी मात्र सरासरी ५,००० प्रेक्षकांची अपेक्षा धरली असता दीड हजारांच्या आसपासच लोक येत. साथीचे निर्बंध होते हे खरे; पण पुढील दोन हंगामांतही सरासरी दोन हजारांस पोचली नाही.

मग पगार येतो कोठून? बराचसा पुरस्कर्त्या कंपन्यांकडून आणि पुरुषांच्या क्लबांकडून. ह्या आश्रयाची गोष्ट जपानला नवी नाही. निक्को सिक्युरिटीज ह्या कंपनीचा संघ १९९६, १९९७ आणि १९९८ असा लागोपाठ तीनदा अजिंक्य ठरला; नॉर्वेची हेगे रीसे त्यातून खेळून गेली होती. मंदी आली आणि तिसऱ्या विजयानंतर कंपनीने संघच मोडला. विजयाने नोकरी टिकते, हा आम्हा कलावंतांचा जुना भ्रम आहे.

१९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा माझ्या वडिलांची वाड्यावरील सनईची नोकरी गेली. हात तयार होता, पण तिकीट काढून येणारा श्रोता शहरात घडलाच नव्हता. तोवर त्याची गरज कोणास पडली होती?

जपानात तो घडण्याची संधी एकदा आली होती. १७ जुलै २०११ रोजी होमारे सावाच्या संघाने फ्रँकफुर्टला अमेरिकेस हरवून विश्वचषक जिंकला. मायदेशी लीगच्या मैदानांवर एकाएकी गर्दी लोटली, आणि ओसरली. त्याच वर्षी फुकुशिमाच्या अणुवीज अपघातानंतर टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीचा संघ बंद पडला. त्याच्या काही मुली त्या केंद्रावरच नोकरीस होत्या. पुढे सेंदाई शहराने त्यांतील कित्येकींना सामावून घेतले. त्याच सेंदाईच्या हिनाता मियाझावाने २०२३ च्या विश्वचषकात पाच गोल करून सर्वांत अधिक गोलांचा मान मिळविला, आणि लगेच ती मँचेस्टर युनायटेडला गेली.

माझ्या मते लीगने पगार नियमात लिहिला हे उत्तम केले; मात्र प्रेक्षक घडविण्याचे काम शहराशहरांतून आधी व्हावयास हवे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुरुषांच्या लीगचे अध्यक्ष नोनोमुरा ह्यांनीच स्त्रियांच्या लीगचेही अध्यक्षपद घेतले. टोकियोच्या बेलेझा संघाची आओबा फुजिनो त्याच वर्षी मँचेस्टर सिटीकडे गेली. तिच्यावाचून बेलेझाने २०२४-२५ चे अजिंक्यपद जिंकले.